रिकाम्या वर्तुळांचा खर्च : आरोग्य विम्याचे नियम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य विम्याचे नियम करणारे नियामक आणि त्या नियमांना कायद्याचे रूप देणारे लोकप्रतिनिधी

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

माझे काम झाडे काढायचे आहे. कागदावरची झाडे. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, जोडप्याला जोडणारी आडवी रेघ आणि तिच्यातून मुलांसाठी खाली सोडलेल्या उभ्या रेघा. ज्याला आजार झाला त्याचा आकार काळा भरायचा, जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ ओढायची आणि समोर बसून हे सगळे सांगणाऱ्या माणसाच्या आकाराशी एक छोटा बाण काढायचा. मी जनुकीय समुपदेशक आहे. दिवसाला तीन-चार घराणी माझ्या टेबलावरून जातात. पहिली दहा मिनिटे लोक ‘आमच्याकडे तसं काही नाही’ असेच म्हणतात. मग एखादी आत्या आठवते, जिला ‘पोटाचं काहीतरी’ होतं. मग एक काका, जे बेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेले. मी निमूटपणे आकार भरत जाते. अर्ध्या तासाने कागद उलटा फिरवून त्यांच्यापुढे सरकवते, तेव्हा बहुतेक जण काही बोलत नाहीत.

हे पत्र काळ्या आकारांसाठी नाही. त्यांचा खर्च विमा देतो; कटकट करून, चारदा कागद मागवून, कधी अर्धाच, पण देतो. पत्र आहे ते त्यांच्या खालच्या ओळीतल्या रिकाम्या आकारांसाठी, म्हणजे ज्यांना आजार अजून झालेला नाही पण घराण्यामुळे त्याची जोखीम आहे, त्यांच्यासाठी.

त्यातले एक वर्तुळ ३४ वर्षांचे आहे. (ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत.) आई ४९व्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, मावशीला ४१व्या वर्षी स्तनाचा झाला. चाचणीत हिच्यातही बीआरसीए१ जनुकातला तोच बिघाड निघाला. दोन मुले आहेत, तिसरे नको आहे. डॉक्टरांचा सल्ला सरळ होता: पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान बीजवाहिन्या आणि अंडाशय काढून टाकायचे, आणि स्तनांचा एमआरआय दरवर्षी करायचा. शस्त्रक्रियेच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज फेटाळून परत आला. म्हणून आम्ही दोघींनी माझ्या खोलीतून विमा कंपनीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

‘आजाराचं नाव सांगा, मॅडम.’

‘आजार नाहीये. तो होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया आहे.’

‘हो, पण मला इथे काहीतरी निवडावं लागतं. ते रिकामं ठेवता येत नाही.’

मी जनुकाचे नाव सांगितले, अहवालाची तारीख सांगितली, आईचे निदान सांगितले. पलीकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग तो मुलगा (आवाजावरून मुलगाच) म्हणाला, ‘सॉरी मॅडम, मला कळतंय तुमचं. पण सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही. निदान झालं की परत अर्ज करा, तेव्हा लगेच होईल.’

तिला हसू फुटले. त्या मुलावर नव्हे. तो बिचारा त्याच्यापुढच्या पडद्यावर जे होते तेच वाचत होता. ‘निदान झालं की लगेच होईल’ हे वाक्य ती नंतर दोन-तीनदा पुटपुटली, एखादा विनोद चाखावा तशी.

आता त्या ‘ऑप्शन’बद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणाला १९९० मध्ये मान्यता मिळाली. जगभरातली इस्पितळे आणि विमा कंपन्या वर्षानुवर्षे त्यातूनच कोड उचलत आली आहेत. त्यात झेड ४०.० असा एक कोड आहे, आणि तो आहे कर्करोगाच्या जोखमीपोटी केलेल्या प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा. म्हणजे वर्गीकरण करणाऱ्यांना तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हे सुचले होते की माणूस आजारी नसतानाही शस्त्रक्रियेच्या टेबलावर सकारण जाऊ शकतो. पडद्यावर तो पर्याय नसेल, तर तो विज्ञानाने द्यायचा राहिलेला नाही. तो नियमात नाही, म्हणून पडद्यावर नाही. आणि नियम तुमच्याकडे आहेत.

‘निदान झालं की या’ याचा अंडाशयाच्या बाबतीत काय अर्थ होतो, तेही सांगते. बीआरसीए१ मध्ये बिघाड असलेल्या बाईला वयाच्या ८०पर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची सुमारे ४४ टक्के. बिघाड बीआरसीए२ मध्ये असेल तर अनुक्रमे ६९ आणि १७. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळपास १०,००० स्त्रियांच्या अभ्यासातले आहेत. स्तनात गाठ लवकर सापडू शकते, एमआरआय त्यासाठीच. अंडाशयाचे तसे नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात त्यांतल्या निम्म्यांवर वर्षानुवर्षे रक्तचाचणी किंवा सोनोग्राफी करून पाहिली, आणि २०२१ साली निष्कर्ष आला की या तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. या स्त्रिया सर्वसाधारण जोखमीच्या होत्या हे खरे, पण मोठ्या जोखमीच्या घराण्यांसाठीही आमच्या हातात याहून भरवशाची तपासणी नाही. म्हणून डॉक्टर अंडाशय काढायला सांगतात. हौस म्हणून कोणी सांगत नाही. पस्तिशीत पाळी बंद पाडणे म्हणजे काय, हे माझ्यासमोर बसून रडलेल्या बायकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. एवढे सगळे गिळून ती ‘हो’ म्हणते, आणि मग तिला फोनवर ऐकावे लागते की आधी कर्करोग घेऊन या.

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण इथे आठवणारच. पण म्हणीतला शेतकरी उशिरा का होईना, झोपा करतो तरी. आरोग्य विमा बैल हुडकायला माणसे पाठवतो, गावोगाव दवंडी पिटतो, हवा तेवढा खर्च करतो, आणि गोठा उघडाच ठेवतो. कारण शेजारी अजून दुसरा बैल बांधलेला आहे, आणि तो काही अजून गेलेला नाही.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की हे जनुकांचे प्रकरण कालपरवाचे आहे, जरा स्थिरस्थावर होऊ द्या. घराण्याने चालत आलेला कर्करोग ही काही नवी बातमी नाही. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईने ॲल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला सांगितले होते की आमच्या घरातले बहुतेक जण आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिनने तिच्या कुळाची माहिती गोळा केली आणि १९१३ मध्ये ती छापली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. या प्रकाराला आज आपण लिंच सिंड्रोम म्हणतो, अमेरिकी डॉक्टर हेन्री लिंच यांच्या नावावरून. त्या कुळातला नेमका बिघाड २००० साली सापडला. मला त्या बाईचे नेहमी नवल वाटते. कोणतीही चाचणी नसताना तिने आपले झाड डोक्यातल्या डोक्यात काढले होते आणि ते बरोबर होते. तिच्यासाठी करण्याजोगे काही नव्हते, एवढाच काय तो आजच्यात आणि तेव्हात फरक.

आज करण्याजोगे पुष्कळ आहे. फिनलंडमध्ये लिंच सिंड्रोम असलेल्या २२ कुटुंबांतल्या लोकांचा १५ वर्षे पाठपुरावा झाला. निकाल २००० साली आले. १३३ जणांनी दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) करून घेतली, ११९ जणांनी नाही. करून घेणाऱ्यांत ८ जणांना आतड्याचा कर्करोग झाला, न करणाऱ्यांत १९ जणांना. त्या कर्करोगाने मेलेले: पहिल्या गटात शून्य, दुसऱ्यात ९. गट लहान होते, चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे मान्य. पण कोलोनोस्कोपीचे काम कसे चालते हे कळले की त्या शून्याचे आश्चर्य वाटत नाही. आतड्यातली मोडासारखी गाठ कर्करोग होण्याआधीच तारेच्या फासात धरून काढून टाकतात, तीही त्याच बैठकीत. इथे तपासणी आणि उपचार या दोन गोष्टी नाहीतच.

विम्याच्या कागदांवर मात्र त्या दोनच राहतात, आणि त्यावरून जो घोळ होतो तो पाहण्यासारखा असतो. ‘तपासणी’ म्हणून आत गेलेला माणूस गाठ निघाली म्हणून ‘उपचार’ होऊन बाहेर येतो आणि त्याचे बिल बदलते. किंवा त्याला सांगतात की या वयाला ही तपासणी लागू नाही. सर्वसाधारण माणसासाठी आतड्याची तपासणी ४५व्या किंवा ५०व्या वर्षी सुरू करतात. लिंचच्या काही जनुकांसाठी ती २० ते २५ या वयात सुरू करायची असते आणि दर एक-दोन वर्षांनी करायची असते. पॉलिसीत ‘प्रतिबंधक तपासणी समाविष्ट’ असे ठळक छापलेले असते, आणि २४ वर्षांच्या पोराला कळते की त्यासाठी त्याने अजून वीसेक वर्षे थांबायचे आहे. त्याचे वडील ३८व्या वर्षी गेलेले असतात.

कर्करोगाबद्दलच बोलत राहिले तर असे वाटेल की सगळा प्रश्न महागड्या शस्त्रक्रियांचा आहे. तो तसा नाही, म्हणून मी आता ज्या आजाराबद्दल बोलणार आहे त्याच्यावरचा उपाय म्हणजे रोजची एक गोळी. वंशपरंपरेने येणारे जादा कोलेस्टेरॉल. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा बिघाड असतो. जन्मल्या दिवसापासून रक्तात वाईट कोलेस्टेरॉल जास्त, त्यामुळे हृदयाच्या धमन्या पंचविशी-तिशीतच गच्च व्हायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. माझ्या झाडांतले ‘झोपेतच गेलेले काका’ बहुतेक याच फांदीवर असतात.

नेदरलँड्समध्ये अशा २१४ मुलांना लहान वयातच स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू केले आणि वीस वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१९ साली त्यांची तुलना कोणाशी केली असेल? त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांशी. म्हणजे ज्यांच्याकडून तो बिघाड आला आणि ज्यांच्या तरुणपणी स्टॅटिन ही गोळीच बाजारात नव्हती त्यांच्याशी. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत आईवडिलांपैकी २६ टक्के जणांना हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम काही होऊन गेले होते. मुलांमध्ये १ टक्का. त्या वयापर्यंत हृदयविकाराने गेलेले आईवडील ७ टक्के होते, मुले एकही नाही. जनुक तेच, घर तेच. माझ्या कागदावर लिहायचे तर वरच्या ओळीतला दर चौथा आकार काळा आणि खालची ओळ जवळजवळ कोरी. मी हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा खरोखरच पेन्सिल घेऊन ते झाड काढून पाहिले होते.

अशी मुले सापडतात कशी? नेदरलँड्सने १९९४ पासून सुमारे वीस वर्षे घराघरांतून हा बिघाड शोधायची राष्ट्रीय मोहीम चालवली. एकाला सापडला की त्याच्या भावंडांकडे, मुलांकडे, काका-आत्यांकडे जायचे. पहिल्या माणसाच्या चाचणीत अनेक जनुके धुंडाळावी लागतात. नातेवाइकाच्या चाचणीत ठाऊक असलेली एकच जागा पाहायची असते, म्हणून ती स्वस्त आणि निःसंदिग्ध. आई किंवा वडिलांकडून तो बिघाड येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे तपासलेल्या भावंडांपैकी साधारण निम्म्यांना मी ‘तुम्हाला काही करायची गरज नाही, तुमच्या मुलांनाही नाही’ असे सांगून घरी पाठवते. तोही फायदा कुठेतरी धरायला हवा. त्यांच्या नको त्या तपासण्या कायमच्या थांबतात.

पण विमा कंपनीच्या लेखी नातेवाईक असा प्राणीच नसतो. असतो तो पॉलिसीधारक. ‘तुमच्या बहिणीला झालाय ना, मग चाचणी तिची करा’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर वाद घालायचेही सोडून दिले आहे. बहिणीची केली. ती सापडली म्हणूनच तर ही आली.

आता मुद्द्याचे. कंपन्या हे आपणहून करणार नाहीत, आणि त्याला त्यांचा दुष्टपणा हे कारण नाही. हिशेब आहे. आज मी एका कंपनीचा पैसा खर्च करून पंचवीस वर्षांच्या माणसाचा झटका पंचेचाळिसाव्या वर्षी टाळला, तर तोपर्यंत त्याने नोकरी बदललेली असते, पॉलिसी बदललेली असते, कदाचित म्हातारपणी तो सरकारी योजनेत गेलेला असतो. पेरणार एक, कापणार दुसरा. शिवाय जी कंपनी पहिली पुढे होऊन ‘आम्ही वंशागत जोखमीचा सगळा खर्च देतो’ म्हणेल, तिच्याकडे माझी सगळी झाडे एकदम जातील आणि ती बुडेल. एकट्याने शहाणपणा केला तर तोटा, सगळ्यांनी मिळून केला तर कोणाचाच नाही, अशी ही जागा आहे. अशा जागी नियम लागतो. सगळ्यांना, एकाच दिवसापासून. म्हणून हे पत्र कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आणि नियम लिहिताना शब्द जपून लिहा, कारण अर्धवट नियमाने काय होते ते इतरांकडे दिसले आहे. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्याचा कायदा १९६५ चा. त्यात खर्च मान्य होण्याची अट ‘आजाराचे किंवा इजेचे निदान वा उपचार’ अशी आहे. त्या शब्दांमुळे मॅमोग्राफीसारखी एकेक तपासणी आत आणायला तिथल्या संसदेला स्वतंत्र तरतूद करावी लागली, आणि स्वतःला कर्करोग न झालेल्या माणसाची बीआरसीए चाचणी नुसत्या घराण्याच्या इतिहासावर आजही त्यात बसत नाही. खासगी विम्यासाठी २०१० च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले: घराण्यात जोखीम दिसणाऱ्या स्त्रियांना समुपदेशन आणि बीआरसीए चाचणी खिशातून काही न देता मिळू लागली. चांगले झाले. पण चाचणीत बिघाड निघाल्यावर लागणारा एमआरआय किंवा शस्त्रक्रिया त्या हमीत नाही. दार उघडून दिले आणि आत जिना बांधायचा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या विल्सन आणि युंगनर यांच्या निकषांत हेच बजावले होते की ज्याच्यावर मान्य उपचार आहे आणि ते उपचार मिळायची सोय आहे, त्याचीच चाळणी तपासणी करावी. नुसती चाचणी फुकट करून थांबणे म्हणजे माणसाला बातमी देऊन रस्त्यावर सोडणे.

त्या हमीतला ‘स्त्रियांना’ हा शब्दही खटकतो. बीआरसीए२ चा बिघाड पुरुषात प्रोस्टेटच्या कर्करोगाची जोखीम वाढवतो, आणि वडिलांकडून मुलीकडे तो तितक्याच सहज येतो. तरी झाडाची वडिलांकडची बाजू नेहमी ओसाड असते. डॉक्टर विचारतात ‘आईला होता का?’, आणि आजीला होता, वडिलांच्या आईला, हे कोणी विचारतच नाही.

खर्च देण्याच्या नियमाला एक जोड लागेलच, नाहीतर तो नियम सापळा ठरेल. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण चाचणीचे पैसे रोख देतात आणि विनवतात की हे फाइलमध्ये लिहू नका. कारण क्लेम करायचा तर अहवाल दाखवावा लागणार, आणि अहवाल दाखवला की पुढच्या नूतनीकरणाला हप्ता वाढणार किंवा ‘आधीपासूनचा आजार’ असा शिक्का बसणार. जोखीम दाखवावी तर आजारी, उपचार मागावा तर निरोगी! दोन्हीकडून कंपनी बरोबर. कॅनडाने २०१७ मध्ये कायदा करून कोणत्याही करारासाठी जनुकीय चाचणीचा निकाल मागण्यावर बंदी घातली आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०२४ मध्ये आयुर्विम्यासाठी अशी बंदी आणण्याचे जाहीर केले. अमेरिकेत २००८ च्या कायद्यामुळे आरोग्य विमा आणि नोकरीसाठी असा भेदभाव करता येत नाही, पण तो कायदा एकाही चाचणीचा किंवा उपचाराचा खर्च द्यायला लावत नाही. भारतात २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असलेल्या माणसाचे प्रकरण आले. ‘जनुकीय आजार वगळून’ या सरसकट कलमाखाली त्याचा क्लेम नाकारला होता, आणि न्यायालयाने अशा मोघम वगळणुकीला भेदभाव म्हटले. तो झालेल्या आजाराचा खटला होता. न झालेल्या आजाराच्या बाजूने न्यायालयात जायला माणसाकडे दाखवण्यासारखे काही नसते. हीच तर अडचण आहे.

महाग पडेल का? काही गोष्टी पडतील. दरवर्षीचा एमआरआय स्वस्त नाही आणि मी तसे भासवणार नाही. स्टॅटिन अगदी स्वस्त आहे. चाचणीही पूर्वीसारखी राहिली नाही: २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात आहे तशा जनुकावर पेटंट घेता येणार नाही असा निकाल दिला, बीआरसीए वरची एका कंपनीची मक्तेदारी सुटली आणि दुसऱ्या प्रयोगशाळांनी कमी दरात चाचण्या सुरू केल्या. पण ‘यातून पैसे वाचतील’ एवढ्याच युक्तिवादावर मला उभे राहायचे नाही. केमोथेरपीचा क्लेम मंजूर करताना कोणी विचारत नाही की यातून कंपनीचे किती वाचतील. माणूस आजारी आहे आणि औषध उपयोगी आहे, एवढे पुरते. मग तोच माणूस पाच वर्षे आधी आला, तेव्हा त्याच्याकडून नफ्याचा पुरावा का मागायचा?

सगळ्याचा खर्च द्या असे मी म्हणत नाही, हेही नोंदवून ठेवते. लाळ नळीत थुंकून पोस्टाने पाठवायच्या चाचण्यांत ‘तुम्हाला टक्कल पडेल’ इथपासून काहीही सांगतात. त्यांच्याशी माझे देणेघेणे नाही. ज्या बिघाडाचा अर्थच अजून लागलेला नाही (आमच्या अहवालांत असे बरेच निघतात), त्याच्या जोरावर कोणाचे अवयव काढू नयेत, आणि आम्ही काढू देतही नाही. मेंदू झिजवणाऱ्या हंटिंग्टनसारख्या आजारात जनुक आधी कळते पण थांबवायला आज हातात काही नाही. तिथे समुपदेशनाच्या पलीकडे मागण्याजोगे नाही. माझे मागणे तिथपर्यंतच आहे जिथे बिघाड रोगकारक असल्याचे सिद्ध आहे आणि वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत त्यावर काय करायचे ते लिहिलेले आहे. तेवढ्या वर्तुळात मात्र समुपदेशन, चाचणी, रक्ताच्या नातेवाइकांची चाचणी, वयाची अट न लावता जोखमीनुसार ठरलेल्या तपासण्या, प्रतिबंधक औषधे, शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची अवयवाची पुनर्रचना हे सगळे आजाराच्या उपचाराइतकेच देय धरावे; प्रतीक्षा कालावधी नको, खिशातून वाटा नको. आणि कृपा करून कायद्याच्या मजकुरात जनुकांची नावे कोंबू नका. पीएएलबी२ या जनुकामुळे स्तनाच्या कर्करोगाची जोखीम किती वाढते हे २०१४ मध्ये नीट कळले. त्याआधी कोणी यादी करून कायद्यात गोठवली असती, तर ही घराणी आजही दाराबाहेर असती. यादी तज्ज्ञांच्या समितीकडे ठेवा आणि ती दरवर्षी बघा.

सगळ्यात सोपे काम तर आजही करता येईल. आगाऊ मंजुरीच्या अर्जातला ‘आजाराचे नाव’ हा रकाना ‘आजार किंवा सिद्ध झालेली जोखीम’ असा करा. त्या फोनवरच्या मुलाला निवडायला काहीतरी मिळेल.

ती ३४ वर्षांची बाई आता पस्तिशीत गेली. तिने उधारउसनवार करून तारीख घेतली आहे. तिला एक धाकटी बहीण आहे, २६ वर्षांची, जी चाचणी करायला तयार नाही. मी कारण विचारले, तर म्हणाली, ‘ताईचं बघतेय ना. कळलं तरी करणार काय? पैसे कुठून आणणार?’ माझ्या कागदावर तिचे वर्तुळ कोरेच आहे, आणि आत मी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

तुम्ही या विषयावर सुनावणी ठेवलीत तर मी येईन. नावे काढून टाकलेली झाडे सोबत आणीन. टेबल जरा मोठे असू द्या, तीन-चार पिढ्यांचे कागद लांब होतात.

कळावे.

आपली,
एक जनुकीय समुपदेशक